कॅनन आर१० आणि आरएफ १००-४००: पक्ष्यांसाठी पहिली जोडी, आणि तिचं सेटिंग

पक्ष्यांच्या फोटोग्राफीला सुरुवात करणाऱ्याला कॅननमध्ये एकच जोडी सुचवायची झाली तर ती ही: ईओएस आर१० बॉडी आणि तिच्यावर आरएफ १००-४०० एमएम एफ/५.६-८ आयएस यूएसएम लेन्स. लेन्स सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झाली, बॉडी मे २०२२ मध्ये. बॉडी बॅटरी-कार्डासकट ४२९ ग्रॅम, लेन्स ६३५ ग्रॅम, म्हणजे एकूण वजन किलोच्या जरा वर. होडीत दोन-तीन तास हातात धरता येईल, साध्या सॅकमध्ये मावेल आणि फोकस पक्ष्याच्या डोळ्याला चिकटवून ठेवेल अशी दुसरी जोडी या खर्चात सापडणं अवघड आहे. मात्र ही उन्हाची जोडी आहे. तिला किती उजेड लागतो हे आधी समजून घेतलं नाही, तर पहिल्याच पहाटे निराशा पदरी पडते आणि दोष लेन्सच्या माथी मारला जातो.

उजेडाचा हिशोब सोपा आहे. ४०० एमएमला या लेन्सचं मोठ्यात मोठं अ‍ॅपर्चर एफ/८, म्हणजे उजेड आत घेणारं तोंड ४०० भागिले ८, ५० मिलिमीटरचं. एफ/५.६ च्या ४०० एमएम लेन्सला ते ७१ मिलिमीटर असतं आणि उजेड दुप्पट मिळतो. लेन्स हलकी आणि स्वस्त आहे ती या एका स्टॉपच्या, म्हणजे निम्म्या उजेडाच्या, बदल्यात. लख्ख उन्हात एफ/१६ ला शटर स्पीड आयएसओच्या (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील आहे, त्याच्या) आकड्याइतका, म्हणजे आयएसओ १०० ला १/१०० सेकंद ठेवायचा, हा फिल्मच्या काळापासूनचा ठोकताळा. त्याप्रमाणे एफ/८ ला आयएसओ १०० वर १/४०० मिळतो. उडत्या रोहितासाठी (फ्लेमिंगोसाठी) १/१६०० धरला तर आयएसओ ४००. नदी सुरयासारख्या चपळ पक्ष्याला १/३२०० लावला तर ८००. इथपर्यंत सगळं मजेत चालतं. सूर्य नुकताच वर आलेला असतो तेव्हा उजेड तीन-चार स्टॉप कमी असतो, आणि त्याच १/१६०० साठी आयएसओ ३२०० ते ६४०० वर जातो. दाट झाडीत किंवा पावसाळी आभाळाखाली १२८०० सुद्धा दिसतो.

आर१० चा २४.२ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर ३२०० पर्यंत निर्धास्त वापरावा. ६४०० ला रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली) फाइल काढून लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरच्या एआय डीनॉइजमधून (दाणेदारपणा काढणाऱ्या सोयीतून) फिरवली की फोटो छापण्याजोगा होतो. १२८०० ला पिसांचा बारकावा विरघळतो, तिथे पक्षी ओळखण्यापुरता फोटो मिळाला असं समजावं. जंगलात झाडीतले पक्षी हाच ज्यांचा मुख्य विषय आहे, त्यांनी ही लेन्स घेऊ नये. उघडं पाणी, माळरान, गवताळ कुरणं, समुद्रकिनारा, इथे मात्र ती शोभते.

उदाहरणासाठी भिगवणच घेऊ. उजनी धरणाचं पाणी उतरून उथळ भाग उघडे पडले की रोहित तिथे उतरतात, आणि कुंभारगाव किंवा डिकसळहून होडीनं त्यांच्यापर्यंत जाता येतं. ३० मीटरवर उभ्या रोहिताला ४०० एमएम लावली तर चौकट साधारण १६७ सेंटिमीटर रुंद आणि १११ सेंटिमीटर उंच भरते. मोठा रोहित मान ताठ करून उभा राहिला तर आडव्या चौकटीत मावणारच नाही. म्हणजे भिगवणला पल्ला कमी पडण्यापेक्षा जास्त होण्याचीच शक्यता असते आणि १५०-२५० च्या दरम्यान बरंच काम होतं. थव्याच्या उड्डाणाला तर १०० ची चौकटसुद्धा कधी कधी तोकडी पडते. उलट छोटा खंड्या जेमतेम १७ सेंटिमीटरचा. दहा मीटरवर चौकट ५६ सेंटिमीटर रुंद, म्हणजे पक्षी तिच्या एक तृतीयांशापेक्षा कमी. त्याला आणखी जवळ हवं असेल तर होडी थांबवून वाट पाहायची. पल्ला वाढवायला १.४ एक्स एक्स्टेंडर या लेन्सवर बसतो खरा, पण ५६० एमएमला एफ/११ होतं. आर१० चे पिक्सेल सुमारे ३.७ मायक्रॉनचे आहेत, त्यांच्यावर एफ/११ ला डिफ्रॅक्शनची (बारीक छिद्रातून उजेड पसरल्यामुळे येणारी) मऊ साय दिसू लागते. वर उजेडाचा आणखी एक स्टॉप जातो. एक्स्टेंडरचे पैसे वाचवावेत.

आता सेटिंग. कॅमेरा खोक्यातून निघतो तो घरगुती समारंभासाठी लावलेला असतो, पक्ष्यांसाठी नाही. खालचे बदल पहिल्याच दिवशी शांतपणे घरी बसून करावेत.

मोड डायल एम (मॅन्युअल) वर, आयएसओ ऑटोवर. शटर आणि अ‍ॅपर्चर आपल्या हातात राहतं आणि उजेडाप्रमाणे आयएसओ कॅमेरा ठरवतो. अ‍ॅपर्चर सर्वांत मोठं ठेवून सोडून द्यायचं. १०० ला एफ/५.६ असतं आणि झूम करत ४०० ला गेलं की आपोआप एफ/८ होतं, फरक ऑटो आयएसओ भरून काढतो. आयएसओच्या सेटिंगमध्ये ऑटोची वरची मर्यादा ६४०० घालावी. एम मोडमध्ये दोन्ही डायल शटर आणि अ‍ॅपर्चरनं अडकतात, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करणं) लेन्सवरच्या कंट्रोल रिंगला द्यावं. डावा हात तसाही लेन्सखालीच असतो. ही रिंग फार जणांच्या लेन्सवर नुसती पडून असते, आणि पांढऱ्या पक्ष्यांना तीच सर्वांत जास्त लागते. गडद पाण्यापुढे रोहित असेल तर कॅमेरा काळ्या पाण्याला उजळवायला जातो आणि पांढरी पिसं जळतात. तिथे उणे २/३ ते उणे १. तोच रोहित उठून पांढुरक्या आभाळात गेला की उलटं होतं, पक्षी काळवंडतो. तिथे अधिक २/३ ते अधिक १. एका उड्डाणात पार्श्वभूमी दोनदा बदलते, म्हणून हे काम बोटाशीच हवं. प्लेबॅक मेनूत हायलाइट अलर्ट चालू करून ठेवावा. जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो आणि चूक जागच्या जागी कळते.

फोकससाठी सर्व्हो एएफ, म्हणजे हलत्या पक्ष्यावर सतत चालू राहणारा फोकस. सब्जेक्ट टू डिटेक्टमध्ये अ‍ॅनिमल्स, आय डिटेक्शन चालू. पक्षी याच गटात येतात. प्रिव्ह्यू एएफ बंद करावा, तो उगाच लेन्स हलवत राहतो आणि बॅटरी खातो. लेन्स ड्राइव्ह व्हेन एएफ इम्पॉसिबल या पर्यायात शोध थांबवण्याची निवड करावी. नाहीतर पकड सुटली की लेन्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरते आणि परत येईपर्यंत पक्षी निघून गेलेला असतो. सर्व्होच्या केसेसपैकी (तयार सेटिंगांपैकी) लव्हाळं, होडीची वल्ही, मधे येणारे इतर पक्षी असतील तिथे केस २ लावावी. ती मधल्या अडथळ्याकडे दुर्लक्ष करून मूळ पक्ष्याला धरून ठेवते.

या जोडीचं खरं सोनं दोन बटणांच्या फोकसमध्ये आहे. शटर बटण अर्धं दाबल्यावर फक्त मीटरिंग (उजेड मोजणं) सुरू व्हावं, फोकस नाही, असं बटणांच्या मेनूत ठरवायचं. फोकस एरिया एक पॉइंट ठेवायचा आणि होल एरिया ट्रॅकिंग सर्व्हो बंद. एएफ-ऑन बटणावर नेहमीचा फोकस राहू द्यायचा आणि शेजारच्या ताऱ्याच्या बटणावर आय डिटेक्शन एएफ नेमायचा. आता उघड्या आभाळात किंवा मोकळ्या पाण्यावर एकटा पक्षी असेल तर तारा दाबायचा. कॅमेरा पूर्ण चौकटीत डोळा शोधून धरतो. पक्षी बाभळीच्या काट्यांत बसला असेल किंवा शंभर रोहितांतला एकच हवा असेल तर एएफ-ऑन दाबून पॉइंट नेमका त्याच्यावर ठेवायचा. अंगठा एका बटणावरून दुसऱ्यावर सरकतो, मेनूत जावं लागत नाही. थव्यात तारा दाबला तर कॅमेरा सर्वांत जवळचा किंवा सर्वांत ठसठशीत पक्षी स्वतःच निवडतो, आणि तो आपल्याला हवा असलेला क्वचितच असतो. यात कॅमेऱ्याचा दोष काढू नये, शंभरातून निवड आपणच करायची असते.

शटर मोड इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन. सेकंदाला १५ फोटो मिळतात आणि शटरचा धक्का कमी बसतो. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरला २३ मिळतात, पण सेन्सर वाचायला वेळ घेतो, त्यामुळे फडफडते पंख वेडेवाकडे होतात आणि वेगानं कॅमेरा फिरवला की मागचे खांब तिरके पडतात. शांत बसलेल्या पक्ष्याजवळ आवाज नको असेल तेव्हाच ते लावावं. रॉ बर्स्ट मोडची एक खास सोय आहे: शटर पूर्ण दाबण्याच्या आधीच्या अर्ध्या सेकंदातले फोटो तो राखून ठेवतो. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो आणि दगडासारखा खाली येतो, त्या क्षणासाठी हे वरदान आहे. मात्र सगळे फोटो एकाच फाइलमध्ये गोळा होतात आणि नंतर कॅमेऱ्यात किंवा कॅननच्या डिजिटल फोटो प्रोफेशनलमध्ये वेगळे करावे लागतात. पंख वाकण्याची भीती इथेही आहेच.

बफर, म्हणजे कार्डावर लिहिण्याआधी फोटो साठवणारी जागा, ही आर१० ची उणी बाजू आहे. सेकंदाला १५ या वेगानं साध्या रॉचे सुमारे २९ फोटो झाले की कॅमेरा अडखळतो, म्हणजे दोन सेकंदांत खेळ खलास. यावर दोन उपाय करावेत. फाइल सी-रॉ (दाबून लहान केलेली रॉ) ठेवावी, ती आकारानं लहान असते आणि बर्स्ट (सलग फोटोंची मालिका) बराच लांबतो. दर्जातला फरक खोल सावल्या उजळवल्या तरच जाणवतो. आणि कार्ड वेगवान, यूएचएस-टू, व्ही६० दर्जाचं घ्यावं. कार्डाची खाच एकच आहे, म्हणून १२८ जीबीच्या एका कार्डापेक्षा ६४ ची दोन बरी. रोहित उडण्याआधी पाण्यावर बरीच पावलं धावतो. धावायला लागल्याबरोबर बटण दाबून धरलं तर पाय पाण्याबाहेर निघायच्या वेळेला बफर भरलेला असतो. तीन-चार फोटोंचे छोटे हप्ते घ्यावेत.

आयएसचं (लेन्समधल्या स्थिरीकरणाचं) बटण होडीत चालूच ठेवायचं. १/२००० ला फोटोच्या स्पष्टतेत त्यानं फरक पडत नाही, पण व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर राहतं आणि पक्षी चौकटीत धरून ठेवता येतो. व्ह्यूफाइंडर लहानच आहे, २३.६ लाख ठिपक्यांचा, आणि सर्वांत वेगाच्या बर्स्टमध्ये दृश्य तुटक दिसतं. पक्ष्याच्या पुढे थोडी जागा सोडून कॅमेरा फिरवण्याची सवय लावली तर जमतं. बॉडीच्या पुढच्या अंगाला फोकसचं एक स्विच आहे, ते पाहून नवखे गोंधळतात. ते फक्त स्विच नसलेल्या लेन्ससाठी आहे. १००-४०० वर स्वतःचं एएफ-एमएफ स्विच असल्यामुळे लेन्सवरचंच चालतं.

फोटो मऊ येतात ही या लेन्सबद्दलची नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा कारण हवेत असतं. दहानंतर ऊन चढलं की उथळ पाण्यावरची आणि चिखलावरची हवा तापते आणि थरथरायला लागते. ८० मीटरवरच्या रोहिताच्या पायांच्या कडा नागमोडी दिसतात, डोळ्याभोवती फोकस बसल्याची खूण असूनही डोळा चिकटपट्टीमागून पाहिल्यासारखा येतो. एका बर्स्टमधले लागोपाठचे फोटो शंभर टक्के मोठे करून पाहावेत. कडा दर फोटोत वेगळ्या ठिकाणी वाकलेल्या असतील तर ती गरम हवा. सगळेच सारखे धूसर पण फोकस पुढच्या किंवा मागच्या पाण्यावर धारदार असेल तर ती फोकसची चूक. सगळं एका दिशेला पुसल्यासारखं असेल तर शटर स्पीड कमी पडला. आणि दहा मीटरवरचा पक्षी लख्ख येत असेल तर लेन्स ठणठणीत आहे. गरम हवेवर लाखाची लेन्सही उपाय करू शकत नाही. सकाळी लवकर जाणं आणि अंतर कमी करणं, एवढंच हातात असतं.

अंतर कमी करायचं म्हणजे नावाड्याला थव्यात होडी घुसवायला लावायचं, असं मात्र अजिबात करू नये. पक्षी खाणं सोडून उठतात, थकतात, आणि फोटोही पाठमोरेच मिळतात. इंजिन लांबूनच बंद करून होडी बांबूनं हळूहळू आणायला सांगावी आणि थव्याच्या बाजूनं समांतर जावं. या जोडीचं वजन कमी असल्यामुळे होडीच्या काठाशी वाकून पाण्यालगतचा कोन घेता येतो, आणि त्या एका बदलानं फोटो उठून दिसतो.

फोकस मागच्या गवतावर जाऊन बसला आणि पुढचा पक्षी दिसेनासाच झाला, असंही होतं. अशा वेळी तिथेच बटण दाबत राहून काही होत नाही. पक्ष्याच्याच अंतरावरचं दुसरं काही, चिखलाची कड किंवा खुंटी, पकडून फोकस पुढे आणायचा आणि मग पक्ष्याकडे वळायचं. ३० मीटरवर फोकसची खोली साधारण पावणेदोन मीटर मिळते, दहा मीटरवर जेमतेम १९ सेंटिमीटर. जवळच्या पक्ष्याचा डोळा चुकला तर चोचही हातची जाते, एवढं लक्षात ठेवावं.

या लेन्सचा एक गुण पक्षीवाल्यांच्या लक्षात येत नाही. ४०० एमएमला ती एक मीटरच्या थोडं पुढेपर्यंत फोकस करते आणि ०.४१ पट मोठेपणा देते. म्हणजे जवळपास साडेपाच सेंटिमीटर रुंदीचा विषय चौकट भरून येतो. कासच्या पठारावर कुंपणाबाहेर उभं राहून फुलं काढायला आणि फुलपाखराला न उठवता टिपायला वेगळी मॅक्रो लेन्स लागत नाही.

खरेदीच्या वेळी काही गोष्टी पाहून घ्याव्यात. लेन्सचं हूड, ईटी-७४बी, खोक्यात येत नाही, वेगळं घ्यावं लागतं. ते घ्यावंच. तिरक्या उन्हाची चकाकी आणि बोटांचे ठसे, दोन्ही टळतात. दुकानदार ६७ एमएमचा स्वस्त यूव्ही फिल्टर भेट म्हणून लावून देतो, तो काढून ठेवावा. ४०० एमएमपुढे हलकी काच लावली की स्पष्टता जाते आणि लोक लेन्स बदलून मागतात. दुकानातच भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट लावून, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, ४०० ला एफ/८ वर एक फोटो काढावा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं पाहावीत. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असले तर चालतं, एकच कोपरा पुसट असेल तर आतलं भिंग सरकलेलं आहे, दुसरा नग मागावा. एलपी-ई१७ बॅटरी लहान आहे, एका सकाळीला दोन तरी लागतात. बॅटरी कॅमेऱ्यातच यूएसबी-सीनं चार्ज होते, पण त्यासाठी पॉवर डिलिव्हरीचा चार्जर लागतो, कुठलाही जुना मोबाइल चार्जर चालत नाही.

आर१० ऐवजी त्याहून स्वस्त आर५० घेऊ का, असं बरेच जण विचारतात. पक्ष्यांसाठी नको. त्याला जॉयस्टिक नाही, एएफ-ऑन बटण नाही, आणि वर सांगितलेली दोन बटणांची सगळी रचनाच अवघड होते. खर्च वाढवता येत असेल तर आर७: ३२.५ मेगापिक्सेल, बॉडीतच स्थिरीकरण, दोन कार्डं, मोठी एलपी-ई६एनएच बॅटरी आणि पाण्या-धुळीपासून बरंच संरक्षण, वजन ६१२ ग्रॅम. पल्ला हवा असेल तर आरएफ २००-८०० आहे, पण ती दोन किलोच्या वर जाते आणि ८०० ला एफ/९ होते. सोनीकडे वळायचं असेल तर ७०-३५० जी लेन्स वजनाला एवढीच आणि ३५० ला एफ/६.३, उजेडात सरस, पल्ल्यात थोडी कमी. निकॉनची १८०-६०० कागदावर आणि फोटोत दोन्हीकडे सरस आहे, फक्त जवळपास दोन किलोची, आणि होडीत हातानं धरायची म्हटलं तर खांदा बोलतो.

आर१० ला आणि या लेन्सला, दोघांनाही पावसापासून संरक्षण नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ही गोष्ट हलक्यात घेऊ नये. सोबत रेनकव्हर हवंच. एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढू नये, काचेवर आणि आतही दव धरतं. सॅक बंद ठेवूनच पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्यावी. घरी आल्यावर लेन्स कापडी बॅगेत ठेवली तर जुलै-ऑगस्टमध्ये भिंगाच्या आत बुरशीचे कोळिष्टकासारखे धागे दिसू लागतात, आणि ते साफ करायला लेन्स उघडावी लागते. ड्राय कॅबिनेट असेल तर आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवावी. नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र). जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून, गार झाल्यावर परत डब्यात टाकावेत. तो तवा पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.